भावाचे पाय

घरात इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच, म्हणून भावाच्या गोळ्या माझ्याकडे आल्या. तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो.

मोठ्या भावाला कुणी बोलत नसताना आवाज ऐकू येत. दवाखान्यात आधी क्लोरप्रोमाझिन दिलं. आवाज कमी झाले, पण भाऊ हातमागावर पेंगायचा. आडवा धागा टाकायचा धोटा हातातच राहायचा. बाबा म्हणाले, "हा बरा झाला का गा, का नुसताच झोपला?"

मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ते बदलून हॅलोपेरिडॉल सुरू केलं. कॉलेजच्या ग्रंथालयात मला त्यावर चार ओळी मिळाल्या. झोप कमी येते, एवढंच त्यातून कळलं. तेवढ्यावर मी खूश झालो.

आठवड्याभरात सकाळपासून मागाची खटखट ऐकू येऊ लागली. आम्हा कोष्ट्यांच्या घरात तब्येत कुणी विचारत नाही. माग वाजला की माणूस बरा. शेजारीण मायला म्हणाली, "सुधरलं वं तुझं पोरगं."

भाऊ मला म्हणाला, "पाय थांबूनच नाही राहिले गा. डॉक्टरले सांग."

"थांबवतं काहून, भाऊ? काम तर होऊन राहिलं."

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊ तोंड उघडणार, तोच मी शुद्ध भाषेत बोललो, "सर, दिवसभर माग चालवतो." गोळी तीच राहिली.

कापड हळू निघत होतं, पण आवाज येतोय म्हणून बाबाही गप्प होते. एका दुपारी कॉलेजातून लवकर आलो. खटखट चालूच होती. आत पाहिलं तर धोटा भावाच्या मांडीवर पडलेला, बोटं ताठरलेली, आणि खाली पाय मागाच्या पावड्या दाबतायत. एकही धागा विणला जात नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी त्याला दवाखान्यात नेलं आणि सगळं सांगितलं. "ही तळमळ औषधाची," डॉक्टर म्हणाले. "आधी का नाही सांगितलं?" त्यांनी डोस कमी केला, जोडीला आणखी एक गोळी दिली. पाय हळूहळू शांत झाले.

क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल, या दोन गोळ्यांत बरी कोणती, मला आजही सांगता येत नाही. एकीनं त्याला झोपवलं, दुसरीनं बसू दिलं नाही. कोणती सोसवते, हे त्यालाच विचारायला हवं होतं.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या दाराशीच भावानं मला अडवलं.

"तू बाहेर बस गा. तुले नुसता मागच ऐकू येते."

मी बाकावर बसून राहिलो.