पर्सकडची बाजू

आत्या नेमकी कुणाची आत्या, हे आता विद्यापीठात कुणालाच आठवत नाही. म्हणे पूर्वी तिचा भाचा इथं शिकायला होता आणि त्यानं भर व्हरांड्यात "आत्याऽऽ, डबा!" अशी आरोळी ठोकली होती. भाचा शिकून गेला, आरोळी राहिली. तिच्याहून वयानं मोठे प्राध्यापकही तिला आत्याच म्हणतात. तीही सगळ्यांना भाच्यासारखं वागवते, म्हणजे आधी रागावते आणि मग काय झालं ते विचारते.

विद्यार्थी विभागात ती कारकून. वर्षभर अर्जांवर शिक्के मारते, आणि मारताना तिचा चेहरा डास मारणाऱ्या माणसासारखा असतो. पण नवी मुलं आली की हिच्या अंगात वारं शिरतं. त्यांना आवार हिंडून दाखवायचं काम तिचं. आवार अवाढव्य. पहिल्या आठवड्यात मुलं एका इमारतीत शिरतात आणि भलत्याच विषयाच्या वर्गात सापडतात. एक जण तर तिथंच रमला आणि त्या विषयाची पदवी घेऊन घरी गेला. घरच्यांना अजून नीट सांगितलेलं नाही म्हणतात.

तर एवढ्या नाजूक कामावर विद्यापीठानं जी बाई नेमली, तिला डावं-उजवं कळत नाही. लहानपणापासूनच नाही. त्यावर तिनं स्वतःच तोडगा काढला होता. मनगटावर घड्याळ आहे ती घड्याळाकडची बाजू, खांद्यावर पर्स आहे ती पर्सकडची. "घड्याळाकडे वळलात की ग्रंथालय. तिथल्या बाईंना हसून नमस्कार करा, नाहीतर पुस्तक बांधणीला गेलंय असं ऐकाल. पर्सकडे परीक्षा विभाग. पहिल्या खिडकीवर मुळीच जाऊ नका, तो माणूस चहाला गेलेला असतो. कधी गेला ते मलाही माहीत नाही, मी नोकरीला लागले तेव्हा गेलेलाच होता."

इमारती ती अशाच दाखवायची. किती मजले, कधी बांधली, उद्घाटन कुणी केलं, यातलं अक्षर नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "इमारत कुठं पळून जात नाही रे. आतला माणूस पळतो. तो कुठं सापडेल ते ऐक."

यंदा तिचा खांदा आखडला. डॉक्टरांनी सांगितलं, त्या खांद्याला ओझं नको. आत्यानं आज्ञाधारकपणे पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली. म्हणजे घड्याळ आणि पर्स एकाच बाजूला आली आणि दुसऱ्या बाजूला काही उरलंच नाही! हे तिच्या ध्यानातच आलं नाही. फेरीच्या मध्यावर माळीबुवा भेटले, त्यांच्या सुनेची चौकशी करणं भाग होतं, म्हणून तिनं मुलांना पुढं पाठवलं. "पर्सकडचं दुसरं दार. आत जाऊन बसा, मी आलेच!"

मुलांनी पर्स पाहिली आणि त्या बाजूचं दुसरं दार उघडलं.

आत एका संशोधकाची पीएचडीची तोंडी परीक्षा चालली होती. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या, त्या या मुलांनी शहाण्यासारख्या भरून टाकल्या. एवढी गर्दी बघून संशोधकाच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षकांना मात्र चेव आला. जन्मात त्यांना इतके श्रोते मिळाले नव्हते. ते प्रश्न विचारायला उभे राहिले आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी बसेनात. शेवटी त्यांनी उदारपणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही शंका?" मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "सर, कँटीन कुठंय?"

तक्रार कुलसचिवांकडे गेली. हे कुलसचिव नवेच आले होते, शर्ट कडक, आणि बोलायचे ते सूचनाफलक वाचून दाखवल्यासारखे. त्यांनी आत्याला बोलावलं. "यापुढे फेरी बंद. नव्या विद्यार्थ्यांना सभागृहात चित्रफीत दाखवण्यात येईल. आपली बदली प्रमाणपत्र विभागात करण्यात येत आहे."

आत्या विभागात परतली आणि टेबलावरचा शिक्का उगाच सरळ करत बसली.

"बरं झालं की," रोखपाल म्हणाला. "तंगडतोड वाचली."

"तुला काय कळतंय त्यातलं?" आत्या म्हणाली. "घरी माझं ऐकायला एकच माणूस, आणि त्यानं श्रवणयंत्र खिशात ठेवलंय. वर्षातून एकदा एवढी माणसं माझं ऐकतात रे. तेवढंही यांना बघवलं नाही."

यावर रोखपालानं आपला चहा तिच्यापुढं सरकवला. एरवी तो श्राद्धातही विनोद करणारा माणूस.

पुढच्या तुकडीला चित्रफीत दाखवली. गोड आवाज, मागं सनई-सतार, आणि सगळं आवार आकाशातून. घारीला दिसेल तसं आवार मुलांना छान दिसलं. पण मुलं घारी नव्हती. सभागृहाबाहेर पडली आणि जत्रेत हरवल्यासारखी उभी राहिली.

प्रमाणपत्र विभागाची खिडकी नेमकी समोर. खिडकीत आत्या.

"ए उंच मुली, रडतेस कशाला? कुणाकडे जायचंय?"

झालं! एकीचं बघून दुसरी आली, दुसरीमागून घोळका आला. प्रमाणपत्रासाठी खोळंबलेले जुने विद्यार्थीही ऐकत उभे राहिले, आणि मग "आत्या, त्या भूगोलवाल्या सरांचं सांगा ना" अशी फर्माईशही करू लागले. रांग पायऱ्या उतरून रस्त्यावर गेली. प्रमाणपत्र एकालाही मिळेना. विभागप्रमुख हा पोटाच्या तक्रारींनी वाळलेला, शांत माणूस. तो आठवडाभर गोळ्या खात राहिला आणि मग कुलसचिवांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, एकतर त्यांना न्या, नाहीतर मला न्या."

कुलसचिव स्वतः बघायला आले. रांगेच्या कडेनं पुढं सरकत ते खिडकीच्या बाजूला भिंतीला टेकले. आत्याला ती भिंत दिसत नव्हती.

"आणि कुलसचिव कसे आहेत हो?" एका मुलीनं विचारलं.

"नवे आहेत गं. कडक इस्त्री. आतून मऊ असावेत, अजून धुऊन बघितलेलं नाही." रांग खदखदली. "सही हवी असेल तर जेवणानंतर गाठा. माणूस जेवला की विरघळतो."

हसणारे पुढून मागं एकेक करून गप्प होत गेले. आत्यानं मान बाहेर काढली आणि तशीच ठेवली.

कुलसचिवांनी घसा साफ केला. "जेवणानंतर नको," ते म्हणाले. "मला झोप येते. सकाळी या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच. कुलसचिवही, पण सवय नसल्यामुळे ते ठसका लागल्यासारखं वाटलं.

"ही खिडकी सोडा आत्या," ते म्हणाले, आणि आपण आत्या म्हणालो हे त्यांनाही जरा उशिराच कळलं. "मुलांना घेऊन बाहेर पडा. पूर्वीसारखं. इथं प्रमाणपत्रं वाटायची आहेत."

आत्या इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागं कलंडली. विभागप्रमुखानं ती आनंदानं उचलली.

"तुम्हीही चला की साहेब," पायऱ्या उतरताना ती म्हणाली. "नवे आहात, तुम्ही तरी कुठं बघितलंय सगळं?"

"मला बैठक आहे."

"कुठं?"

त्यांनी इमारत सांगितली.

"मग काय, वाटेतच आहे," आत्या म्हणाली.

वाटेत ती मुळीच नव्हती.