साकवापलीकडचा शेजारी

ओढ्यावरच्या साकवापलीकडे राहणारा तो माणूस पूर्वी मुळगावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. हल्ली माझ्या अंगणाच्या दगडी गडग्यावर तळहात घासतच जायचा. हाक मारली तर नुसती मान वळवत नसे, सगळ्या अंगानिशी हळू फिरे. गडगा संपून मोकळी जागा आली की झोकांड्या जात. "सकाळीच घेतली मरे?" लोक विचारत. तो नुसता हसे.

माझी बायको गेली त्या दिवशी तिरडीला एक खांदा कमी पडला. त्याला बोलावलं तर म्हणाला, "माका नाका सांगू, काका." मी तिच्यासमोरच ओरडलो, "बेवड्या, माझ्या अंगणात परत पाय ठेवू नकोस."

बाराव्याच्या सकाळी व्हाळाकडे गेलो आणि जागीच थिजलो. पोफळीच्या दोन खोडांच्या साकवावरून तो रांगत येत होता. एवढा बाप्या माणूस, तान्ह्या पोरासारखा! पाठीला नारळांची पिशवी बांधलेली.

"काय झालं रे तुला?"

"आतलो कान बिघाडलो, काका. उबो रवलो काय भुंय फिरता. ट्रकाचो माणूस मी, सांगूक लाज दिसली. पण मसणवटीची वाट ह्याच साकवावरसून. खांदो दिलो असतो तर काकी व्हाळात पडली असती."

साकव संपला तरी तो उठला नाही. "नारळ हयच ठेवतंय," म्हणाला. "अंगणात येवचो नाय."

मी खाली वाकलो, त्याच्या काखेखाली माझा खांदा दिला आणि त्याला अंगणाकडे घेऊन चाललो.