विषय काढेल त्याने चहा करावा

सिंगापुरातल्या आमच्या पासिर रिसच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावरून वादाचा आवाज आला की मी ओळखते, उत्तमराव कामावरून घरी आले. नवरा नागपूरचा, बायको पुण्याची. उत्तमरावांना वेगळा विदर्भ हवा, संजीवनीताईंना अखंड महाराष्ट्र. पासपोर्ट दोघांचेही आता सिंगापूरचे, म्हणजे तिकडे मत द्यायचा अधिकार दोघांनाही नाही. पण हौसेला मोल नसतं. "बाबासाहेबसुद्धा लहान राज्यांच्या बाजूचे होते," हे उत्तमरावांचं ठेवणीतलं वाक्य. त्यावर ताई शांतपणे म्हणतात, "आधी चहा टाका."

हा त्या घराचा नियम. लग्नानंतर याच वादावरून दोघांनी अबोला धरला होता. तो असह्य झाला तेव्हा उत्तमरावांनीच तोडगा काढला: विषय काढेल त्याने चहा करायचा, आणि समोरच्याला लागतो तसाच करायचा. इथल्या मेट्रोच्या, म्हणजे एमआरटीच्या, सिग्नलवर उभी हयात घालवलेला हा माणूस. गाड्या थांबवण्यापेक्षा चालू ठेवण्यात त्याला जास्त रस.

त्यांच्या लेकीनं, जान्हवीनं, स्कॉटिश नवरा केला. गेल्या महिन्यात तिच्या मुलीचं नामकरण होतं. त्यासाठी ग्लासगोहून जावयाचे वडील अ‍ॅलिस्टर आले आणि अ‍ॅबरडीनहून त्यांची बहीण मोराग. स्कॉटलंड वेगळं व्हावं की नाही, यावर २०१४ साली तिकडे मतदान झालं. भावानं 'हो' म्हटलं, बहिणीनं 'नाही'. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. आईच्या अंत्यविधीतही म्हणे दोन टोकांना उभे होते.

"बाबा, दोघांना निदान एकमेकांशी बोलतं करा ना," जान्हवी म्हणाली होती. "बेबीला एवढीच तर फॅमिली आहे तिकडची. प्लीज लाह." विनवताना तिच्या तोंडी इथलं 'लाह' येतंच.

त्रिशरण-पंचशील झालं, नाव ठेवलं, जेवणं आटोपली. सोफ्याच्या एका कडेला भाऊ, दुसऱ्या कडेला बहीण, आणि मध्ये टोपल्यात झोपलेलं बाळ. शेजारीण म्हणून बोलावलेली मी समोरच्या खुर्चीत.

तेवढ्यात उत्तमरावांनी इंग्रजीतून विदर्भ काढला. ताईंनी बोट नुसतं स्वयंपाकघराकडे केलं. उत्तमराव उठले आणि आतूनच वाद घालत राहिले. भांड्यांचा आवाज, विदर्भाचा कापूस, ताईंचे टोमणे, सगळं एकदमच. जान्हवीनं पाहुण्यांना नियम समजावून सांगितला. मोराग हसली. ती आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

अ‍ॅलिस्टरला धीर आला असावा. "आमच्याकडे तर," तो म्हणाला, "ते मतदान पुन्हा एकदा व्हायला हवं."

बहिणीचा चेहरा दगड झाला. जान्हवीनं माझा हात घट्ट धरला.

"रूल इज रूल," ताई म्हणाल्या आणि त्याच्याकडे बघत स्वयंपाकघर दाखवलं.

उत्तमराव ताईंचा चहा घेऊन बाहेर येत होते, तोच हा एवढा धिप्पाड माणूस निमूट आत गेला. बाहेर आला तो एकच कप घेऊन. दूध अगदी थोडं, चहा काळपट, आणि साखर दोन चमचे, घालताना मला दारातून दिसली होती. त्यानं तो मोरागपुढे ठेवला आणि परत आपल्या कडेला जाऊन बसला. तिनं घोट घेतला. मग लगेच दुसरा. इतकी वर्षं बोलणं टाकलेल्या माणसाला साखरेचे चमचे आठवत होते.

कप रिकामा झाला. मोरागनं तो खाली ठेवला आणि भावाकडे न बघताच म्हणाली, "मला एकदा सांग, वेगळे झाल्यावर पाउंडाचं काय करणार होतात तुम्ही?"

आणि कुणी बोट दाखवायच्या आत स्वतःच उठून आत गेली.

"ते मी सांगतो तुला," म्हणत अ‍ॅलिस्टर तिच्या मागोमाग गेला. उत्तमराव साखरेचा डबा दाखवायला निघाले, तर आतून मोरागचा आवाज आला, "राहू दे. त्याला बिनसाखरेचा लागतो."