कोपराची फिर्याद

खून, दरोडे, दंगली असे पुष्कळ काही नोकरीत पाहिले आणि त्यातले बरेचसे आता विसरलो. एका मुलीच्या मोडलेल्या कोपराचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. प्रकरण लहान होते. वर्तमानपत्रात त्याच्या दोन ओळीही आल्या नाहीत. पण त्यात मी स्वतः चुकलो होतो, आणि आपली चूक माणूस सहसा विसरत नाही.

तेव्हा मी कल्याण परिसरातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन-अडीच वर्षे उरली होती. सकाळची साडेदहाची वेळ. रात्रपाळीचे लोक चार्ज देऊन घरी गेले होते आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे मोबाईल हरवलेल्यांची नेहमीची रांग लागली होती. तेवढ्यात आंबिवलीहून तिघे जण आले. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, तिची आई आणि मामा. मुलीचा उजवा हात कोपरात अर्धवट वाकलेला होता आणि तो तसाच राहिला होता. आई अंगणवाडीत मदतनीस होती. "जय भीम, साहेब," म्हणून ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. मामा कोलशेतच्या एका कंपनीत कामाला होता आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. बोलायला सुरुवात त्यानेच केली.

"साहेब, आमच्या भाचीला गाडीच्या दाराने पाडलंय. दीड महिना झाला. वकील बोलले, ठाण्याच्या कोर्टात भरपाईचा दावा टाकता येतो. पण आधी पोलिसांचे कागद पायजेत."

हकिगत अशी होती. मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती आणि रोज सकाळी सायकलने मैदानावर जायची. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला थांबलेल्या एका मोटारीचे मागचे दार अचानक उघडले. ती त्यावर आदळली आणि उजव्या कोपरावर पडली. मोटारवाल्या काकांनी स्वतःच तिला गाडीत घालून दवाखान्यात नेले. प्लास्टर झाले, निघाले, पण हात काही सरळ होईना. डॉक्टरांनी सांगितले की हाडाचा तुकडा सरकला आहे, ऑपरेशन करावे लागेल, आणि उशीर केला तर हात कायमचा असाच राहील. म्हणजे भरतीत गोळाफेकीला ती बाद, आणि समजा तिथून निभावलीच तर मेडिकलला बाद. ऑपरेशनचा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता.

मी दवाखान्याचा केसपेपर मागितला. त्यावर स्वच्छ लिहिले होते, 'राहत्या घरी पडल्याने दुखापत.'

"हे कोणी सांगितलं डॉक्टरांना?"

"मीच, सर," मुलगी खाली बघून म्हणाली.

"का?"

तिने डाव्या हाताने ओढणी सारखी केली. गाडीचा नंबर विचारला तर तो मात्र तिने पाढा म्हणावा तसा धडाधड म्हणून दाखवला. माझ्या डोक्यात शंका आली ती तिथेच. कोपर मोडून पडलेल्या माणसाला गाडीचा नंबर दीड महिना लक्षात राहतो? भरतीची पोरे येता-जाता गाड्यांचे नंबर पाठ करण्याचा सराव करतात, हे मला फार नंतर कळले. पण त्यापूर्वी दोन खोटे दावे माझ्याच सहीने पुढे गेले होते. दुखापत खरी, पण ती झाली एकीकडे आणि विमा असलेली गाडी दाखवली भलतीच, असला प्रकार. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे माझे झाले होते. खरे तर गुन्हा त्याच दिवशी दाखल करायला हवा होता. मी नुसता अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला आणि त्यांना घरी पाठवले.

गाडीच्या मालकाला फोन लावला. कल्याण पश्चिमेला राहणारे निवृत्त गृहस्थ. आवाज शांत, भाषा शुद्ध. "अशी कोणतीही घटना घडलेली नाही," एवढेच ते म्हणाले.

चार दिवसांनी टपालाने एक निनावी अर्ज आला. निनावी अर्ज ही पोलीस ठाण्याची रोजची भाजी आहे. बहुतेक अर्ज शेजाऱ्याच्या द्वेषातून येतात आणि फाईलला लागतात. हा मात्र संगणकावर नीट टाईप केलेला होता. 'सदर मुलगी बाथरूममध्ये पाय घसरून पडली आहे. तसे तिने स्वतः डॉक्टरांना सांगितले आहे. विम्याचे पैसे उकळण्यासाठी एका सज्जन कुटुंबास गोवण्याचा हा प्रयत्न असून, कृपया चौकशी व्हावी.' मी खूश झालो. आपले नाक अजून शाबूत आहे, असे मनातल्या मनात म्हणालो आणि मुलीला आईसह बोलावून घेतले.

त्या दिवशी मी तिला बरेच झापले. खोटी फिर्याद देणे हा गुन्हा आहे, पोलिसात जायला निघालीस आणि पोलिसांनाच फसवतेस का, असे नको ते बोललो. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "सर, दार लागलंय मला." मग डॉक्टरांशी खोटे का बोललीस, असे विचारले की तोंडाला कुलूप. शेवटी मी कंटाळून आमच्या महिला हवालदारांना सांगितले, हिला बाजूच्या खोलीत न्या आणि जबाब घ्या.

वीस मिनिटांनी त्या एकट्याच परत आल्या. माझ्याहून वयाने लहान, पण माणसे त्यांनी माझ्याहून जास्त ओळखली होती.

"सर, जरा ऐकता का? पोरगी मला काय विचारतेय माहितेय? मॅडम, माझं नाव रेकॉर्डला लागलं का? भरतीच्या व्हेरिफिकेशनला निघेल का?"

मी हातातले पेन खाली ठेवले. मैदानावरच्या पोरापोरींनी तिच्या डोक्यात भरवून दिले होते की पोलीस केसमध्ये नाव आले की भरतीतून आऊट. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अपघात असेल तर पोलिसांना कळवावे लागेल. ते ऐकताच ती घाबरली आणि 'घरी पडले' म्हणून मोकळी झाली. मोडलेल्या हाताची वेदना सोसत तिने हा विचार केला होता. जिला पोलिसात यायचे होते, तीच पोलिसांच्या वहीला एवढी भीत होती. मला माझीच लाज वाटली.

तिला आणि तिच्या आईला समोर बसवले, चहा मागवला. फिर्यादी वेगळा आणि आरोपी वेगळा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे नाव लागल्याने कोणाची नोकरी जात नाही, हे दोनदा समजावले. मग म्हटले, आता दवाखान्यात काय काय झाले ते पहिल्यापासून सांग.

"डॉक्टर बोलले, कशी पडलीस? मी बोलले, घरी. ते बोलले, घरी कुठे? मी बोलले, बाथरूममध्ये, पाय घसरला. त्यांनी लिहिलं आणि एक्सरेला पाठवलं."

"बाथरूमचं आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाय, सर. आईला तर सायकलवरून पडले असंच सांगितलेलं, ऑपरेशनचं निघाल्यावर मग दाराचं खरं बोलले."

"तेव्हा तिथे कोण कोण होतं?"

"डॉक्टर आणि ते काका. काकांनी माझी सॅक धरलेली."

आई मध्येच म्हणाली, "साहेब, आमच्या घरात बाथरूम आहेच कुठे? चाळीतली खोली ती. मोरी आहे."

मी केसपेपर पुन्हा काढला. 'राहत्या घरी पडल्याने.' बस, एवढेच. बाथरूमचा त्यात उल्लेखच नव्हता. शेजारीपाजारी कोणी अर्ज लिहिला असता तर मोरी लिहिली असती. बाथरूम ही गोष्ट जगात एकदाच बोलली गेली होती, आणि ती दोघांनीच ऐकली होती. डॉक्टर रोज शंभर पेशंट बघणारे, त्यांना मुलगी धड आठवतही नव्हती. म्हणजे राहिले एकच.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीच्या कागदांची फाईल. मी चहा दिला आणि मुलीचा फोटो दाखवला.

"हिला कधी पाहिलंत?"

"नाही, कधीच नाही."

"मलाही ही मुलगी खोटीच वाटते," मी म्हणालो. "घरातच पडली असणार कुठेतरी."

ते एकदम सैल झाले. खुर्चीला टेकून बसले. "तेच तर म्हणतो मी. बाथरूममध्ये पाय घसरला म्हणून तिनंच डॉक्टरांना सांगितलं, आणि आता..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट शिकलो आहे, की अशा वेळी अधिकाऱ्याने तोंड उघडू नये. माणूस खरे बोलायला जेवढा वेळ घेतो तेवढा त्याला घेऊ द्यावा. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढून रुमालाने पुसला, पुन्हा घातला. मग मी तो निनावी अर्ज त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्हीच लिहिलाय ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "साहेब, दार माझ्या मुलानं उघडलं. कानात ते हेडफोन, मागे पाहिलंच नाही त्यानं. त्याला परदेशात नोकरी लागली आहे. पोलीस क्लिअरन्स यायचा होता. केसमध्ये नाव गेलं तर सगळंच फिसकटेल, असं वाटलं. ती मुलगी स्वतःहून घरी पडले म्हणाली, तेव्हा मी देवाचे आभार मानले. माझी चूक झाली."

मला रागही आला आणि हसूही आले. एकीकडे आंबिवलीची चाळ, दुसरीकडे कल्याणचा फ्लॅट, आणि दोन्ही घरांत भीती एकच. आमच्या वहीत नाव लागेल!

"अहो, गाडीचा विमा दरवर्षी भरता ना?" मी म्हणालो.

"भरतो."

"कशाला? दसऱ्याला गाडीला हार घालायला? हा विमा असल्याच वेळेसाठी असतो. त्या दिवशी खरं बोलला असता तर भरपाई विमा कंपनीनंच दिली असती. तुम्ही मात्र एका मुलीचा हात वाकडा राहायची वेळ आणलीत."

त्याच दुपारी गुन्हा दाखल केला. घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची तपासणी, डॉक्टरांचा दाखला, मुलाचा आणि वडिलांचा जबाब, सगळे कागद आठवडाभरात तयार झाले. गुन्हा दाखल झाला त्या दिवशी मुलगी आणि आई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. गृहस्थ बाहेर आले आणि आईसमोर हात जोडून उभे राहिले. "ताई, चुकलो मी."

आई उठली. "तुम्ही हिला दवाखान्यात नेलंत, ते मी विसरत नाय. पण माझ्या पोरीला खोटं ठरवायला चिठ्ठी लिवलीत, ती पण नाय विसरणार."

ऑपरेशनचा खर्च आपण लगेच करतो, असे ते म्हणाले. मी सांगितले, पोलीस ठाण्यात असले काही ठरवायचे नाही. वकिलांमार्फत, लेखी, आणि दाव्यात त्याची नोंद करून द्या. तसेच झाले. ऑपरेशन वेळेत पार पडले. दावा पुढे ठाण्याच्या लोकअदालतीत विमा कंपनीशी तडजोडीने मिटला. मुलाला कोर्टात दंड झाला. त्याने पोलीस क्लिअरन्सच्या फॉर्मवर सगळे खरे लिहिले. परदेशी जाणे काही महिने लांबले, पण गेला.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी मुलगी पेढे घेऊन आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला. सरळ, पार सरळ. मी तिला म्हणालो, "बाळ, त्या दिवशी मी तुला नको ते बोललो. माफ कर." ती लाजली. "असू दे ना, सर," म्हणाली. माझ्या छातीवरचे मोठे ओझे त्या दिवशी उतरले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमची पायरी त्याहूनही उंच झाली आहे, हे या प्रकरणाने मला शिकवले. लोक खोटे बोलतात ते दर वेळी लबाडीने नाही. पुष्कळदा ते आम्हाला घाबरून बोलतात, आणि मग आम्हीच त्यांना लबाड ठरवतो. त्यानंतर नोकरीत होतो तोवर 'हा खोटे का बोलतो' याच्याआधी 'हा कशाला भितो' हे विचारायची सवय मी लावून घेतली. पुष्कळ प्रकरणे त्यामुळे सोपी झाली.

आता मी डोंबिवलीत राहतो. मध्यंतरी भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म द्यायला जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. काउंटरवर एक तरुण महिला शिपाई मान खाली घालून लिहीत होती. समोर मनगटाला फडके बांधलेली एक म्हातारी बसली होती. रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोने तिला पाडले होते. लोकांनी आणले म्हणून ती आली होती, पण नाव सांगायला तयार नव्हती.

"नाव नको लिवू गो बाय. कोरटाचं लचांड मागं लागंल."

"मावशी, आधी पाणी प्या," शिपाई म्हणाली, आणि आवाजावरून मी तिला ओळखले. "नाव लिहिलं म्हणून कोण तुम्हाला काय करत नाय. माझं पण नाव आहे एका पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला. ते लिहिलं म्हणून तर आज इथे बसलीये मी."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिले आणि मग हळूहळू आपले नाव सांगितले. मी पुढे गेलो नाही. फॉर्म हातात धरून रांगेत उभा राहिलो. मला कसलीच घाई नव्हती.