उलटा चालणारा मुकादम

कारापूरच्या तिठ्यावर मी रोज सकाळी डिचोलीच्या बसची वाट पाहायचो, तेव्हा खाणीवर जाणारी कामगारांची टोळी समोरून जायची. मुकादम सगळ्यांच्या पुढे असायचा, पण तोंड टोळीकडे करून उलटा चालायचा. सायकलवाले त्याला चुकवायचे, म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. एकदा तो बोलता बोलता गटारात पडला. उठला, चिखल झाडला आणि पुन्हा उलटाच चालू लागला.

न राहवून मी विचारलं, “मुकादम, सरळ का हो चालत नाही?”

“रस्तो माका पाठ आसा,” तो म्हणाला. “ह्येंची तोंडां रोज येगळी आसतत.”

त्याच आठवड्यात एका सकाळी तो तिठ्यावर मध्येच थांबला. एका धडधाकट कामगाराला म्हणाला, “ह्या थंडीत घाम कसलो रे?”

“काय नाय, मुकादमानू.”

मुकादमाने काही ऐकलं नाही. हात दाखवून डिचोलीची बस थांबवली, मी चढलो तसं त्या कामगाराला माझ्या शेजारी बसवलं आणि स्वतःही चढला. मीही त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका आहे, पण वेळेवर आणलंत. दुपारपर्यंत मुकादम खाटेपाशी त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता. धोका टळला असं कळल्यावर तो वळला आणि सरळ चालत बाहेर गेला.

खाटेवरचा कामगार माझ्याकडे बघून हसला. “धा वर्सांत ह्येंची पाठ आज पयल्यांदाच बघलंय.”