आयेच्या कमरेइतकं पाणी

“तुझ्या आवशीची कंबर मोजूक टेप कोण धरतलो गो?”

अण्णा असं म्हणाला आणि ग्रामसभा हसली. शाळेच्या वर्गात सभा होती. पुढे खुर्च्या, मागे सतरंजी, आणि त्याच्याही मागे, दाराकडे, आम्ही वाडीवाले. पूररेषा आखायला आलेला साहेबही हसला. मान खाली घालून, लॅपटॉपकडे बघत. पण हसला. मी बघितलं.

मी काही वावगं बोलले नव्हते. साहेबाने विचारलं होतं, नदीचं पाणी गावात जास्तीत जास्त कुठवर चढलं होतं, कुणाला आठवतं का?  बाजारातले दुकानदार एकजात विसरभोळे झाले. मी उठून म्हटलं, “अण्णांच्या माजघरात माझ्या आयेच्या कमरेइतकं होतं. मी लहान होते, पण गाळ आम्हीच काढला.” एवढंच.

हसणं थांबल्यावर साहेब म्हणाला, “बाई, माणसाची कंबर हा पुरावा होत नाही. भिंतीवर खूण असली तर सांगा.”

आये माझ्या शेजारीच बसली होती. तीही हसली. पदर तोंडाला लावून, सगळ्यांबरोबर. अण्णाचा राग आला तो आलाच, पण आयेच्या हसण्याची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. वाटेत मी तिला विचारलं, का हसलीस? ती म्हणाली, “रडान पाणी उतारता काय?”

अण्णा गावातला मोठा जमीनदार, त्याला सगळे अहोजाहो करतात. तोंडावर मीही करते. इथे करणार नाही.

खारेपाटणच्या बाजारात पाणी भरलं की टीव्हीवर दाखवतात. आमच्या गावचं कुणी दाखवत नाही. ते बघतो आम्ही बौद्धवाडीच्या बायका. पाणी उतरायला लागलं की गावच्या बाजारातून पहिला निरोप आम्हांला येतो. गाळ काढायचीही रीत असते. पाणी पुरतं ओसरायची वाट बघायची नाही. ते मागे सरकतं तसं आपण हिराची वाढवण, म्हणजे खराटा, घेऊन त्याच्या मागोमाग सरकायचं आणि त्याच पाण्यात गाळ दाराबाहेर लोटायचा. आये शिकवायची, “गाळ सुकलो काय दगड जाता.” मग भिंती. काथ्याने घासायच्या, रेघ जाईपर्यंत. पाणी जिथे थांबून राहतं तिथे भिंतीवर तेलकट पिवळी रेघ उरते. ती पुसणं हेच आमचं काम. गावातल्या प्रत्येक पुराची रेघ माझ्या आयेने पुसली आहे. म्हणून तिला आठवतं. कुणाच्या दुकानात गुडघा, कुणाच्या पडवीत मांडी, अण्णाच्या माजघरात कंबर. तिच्याकडे दुसरं माप नव्हतं.

अण्णाच्या घरात आमची वाढवण देवघराच्या उंबऱ्यापर्यंत जायची. पुढे नाही. आतला गाळ वैनी, म्हणजे अण्णाची बायको, स्वतः काढायची. बारा वर्षांची असताना गाळ लोटता लोटता माझा एक पाय उंबऱ्याच्या आत पडला. वैनी ओरडली. पण तिने हात उचलायच्या आधी आयेने माझ्या कानाखाली वाजवली. सगळ्यांसमोर. चिखलाच्या हाताने. नंतर म्हणाली, त्यांनी मारण्यापेक्षा मी मारलेलं बरं.

आता यात अण्णाचा काय डाव होता ते सांगते.

आमची वाडी भरडावर आहे. भरड म्हणजे उंचावरचं माळरान. भात पिकत नाही, विहिरीला पाणी नाही, म्हणून अण्णाच्या घरच्यांनी आमच्या आज्याला तिथे बसू दिलं. पण तिथून समुद्र दिसतो. आता मालवणात येणाऱ्या पाहुण्यांना खोलीच्या खिडकीतून समुद्र लागतो. मग अण्णाला अचानक आमचा कळवळा आला. त्याच्या घराला लागून नदीकाठी त्याचा मळा आहे. सपाट, हिरवा, रस्त्यालगत. तो म्हणाला, मी मळा देतो, सरकारी घरकुलं तिथे बांधा, भरड मोकळं करा. आमची पोरं खूश. नळ दारात येणार. मला झोप लागेना. ज्या माणसाने कधी आमच्यासाठी फाटक उघडं ठेवलं नाही, तो मळा देतो? कुठेतरी पाणी मुरत होतं.

अडचण एकच होती. मळा पूररेषेच्या आत आला तर तिथे घरं बांधता येणार नव्हती. म्हणून सभेत कुणाला पूर आठवत नव्हता. अण्णाच्या घराचं जोतं मळ्यापासून माझ्या छातीइतकं उंच आहे. त्याच्या माजघरात कमरेइतकं पाणी म्हणजे मळ्यात डोक्यावरून. आमच्या पोरांच्या डोक्यावरून तर नक्कीच.

सभेच्या दुसऱ्या दिवशी अण्णाने मला बोलावलं. पडवीत बसवलं. वैनीने चहा आणला, कपबशीतून. त्या घरात आयेने करवंटीतून चहा प्यायला आहे, मी स्टीलच्या वेगळ्या पेल्यातून. 

“घे गो, चाय घे,” अण्णा म्हणाला. “उद्या सायेब घर बघूक येतलो. भिंती जरा घासून घे आणि चुनो मारून टाक.”

चवथीला रंगवलेलं घर पौषात परत कोण रंगवतं? मी चहा तसाच ठेवला आणि कामाला लागले. हो, लागले. खोटं कशाला सांगू? पडवी घासली, माजघर घासलं. चवथीच्या रंगातूनही पिवळी रेघ वर आली होती. ती माझ्या हाताने पुसली, वर चुना फिरवला. सवय अशी असते. हात आपले चालत राहतात.

घासत घासत देवघराच्या दाराशी आले. आतून वैनी म्हणाली, “थयसरच थांब गो. देवाकडचा आमी करतव.”

थांबले. आणि आत बघितलं. देव्हारा फणसाच्या लाकडाचा, हलवायला चार माणसं लागतात. घरातले बाकीचे सगळे मुंबईला. आम्हांला आत मज्जाव. वैनी भिंतींवर नुसतं पाणी शिंपडायची आणि पुढून स्वतःच रंग लावायची. देव्हाऱ्याच्या मागची भिंत कुणी कधी घासलीच नव्हती. खिडकीतून मागच्या मोकळ्या जागेत ऊन येत होतं आणि त्या भिंतीवर रेघा होत्या. एकीवर एक. चार. आयेने गावभर पुसलेले सगळे पूर तिथे शाबूत होते.

मी ब्रश बादलीत टाकला आणि घरी गेले.

सकाळी साहेब आला तेव्हा मी आयेला घेऊन अण्णाच्या खळ्यात उभी होते. अण्णा पांढऱ्या भिंती दाखवत शुद्ध बोलत होता. “साहेब, आमच्या घराला पाणी कधी लागलंच नाही.”

मी म्हटलं, “साहेब, खूण पाहिजे होती ना? देवघरात आहे. देव्हाऱ्याच्या मागे.”

अण्णाचा चेहरा उतरला. म्हणाला, “तिथे बाहेरच्या माणसाला जाता येत नाही.” साहेब उंबऱ्याशी थांबला. त्याने बूट काढले होते, तरी थांबला. त्याला जायचं नव्हतंच, असं मला अजून वाटतं. मी त्याच्या हातातून टेप घेतली आणि आत गेले.

वैनी किंचाळली. आये माझ्याकडे धावली. मला वाटलं, आता मारणार. मी गाल तयार ठेवला होता. आये उंबरा ओलांडून आत आली, देव्हाऱ्याच्या मागे शिरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“लाव गो टेप,” म्हणाली.

टेप मी धरली. माझ्या आवशीची कंबर मोजायला. सगळ्यांत वरची रेघ तिच्या बरगडीला लागत होती. आये आता वाकली आहे. ताठ होती तेव्हा ती कंबरच होती. तीन फूट दोन इंच. मी साहेबाला म्हटलं, लिहा. त्याने लिहिलं. त्या कागदाचा आणि भिंतीचा मी मोबाइलवर फोटो काढला, कारण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णाने भटाला बोलावून देवघर शुद्ध करून घेतलं. चार माणसं लावून देव्हारा हलवला आणि मागची भिंत चुन्याने पांढरी केली. एवढ्या पुरांत न हललेला देव्हारा माझ्या पायाने हलला.

नकाशा अजून आलेला नाही. कुठल्या टेबलावर आहे, कोण त्याच्यावर चुना फिरवतं आहे, माहीत नाही. बाजारातून आम्हांला काम येत नाही. वाडीतली काही पोरं म्हणतात, तुझ्यापायी नळ गेला. म्हणोत. त्यांना मी फोटो दाखवते आणि मळ्यात नेऊन उभं करते. पाणी कुठवर येईल ते त्यांच्याच अंगावर बोट ठेवून दाखवते.

मळ्यात आम्ही जाणार नाही. भरड सोडणार नाही. आणि पूर तर येणारच आहे. निरोपही येईल, कपबशीही येईल. पण या गावातली एकही रेघ आता मी पुसणार नाही. गाळ त्यांचा त्यांनी काढावा. मी जाईन ती आयेला घेऊन, टेप घेऊन, आणि देवघरापासून मोजायला सुरुवात करीन.