धागा, सफेदा आणि वेणी

पाईपाच्या कामात आमच्या घरी एकच मंत्र चालायचा: आट्यांवर धागा गुंडाळा, वर सफेद्याचा पांढरा लेप फासा आणि पाना घालून जीव खाऊन आवळा. बाबांनी अर्ध्या तालुक्यातले नळ याच रीतीनं बसवले. त्यांचा जोड गळतो असं कुणी म्हटलं, तर ते त्या माणसाशी आठवडाभर बोलत नसत.

शहापूरजवळच्या एका उसन्या तांदळाच्या, म्हणजे धान आधी भिजवून वाफवणाऱ्या, राइस मिलमध्ये आम्ही बापलेक पाईपांची कामं करायचो. बॉयलरला पाणी देणारा पंप चालताना थरथरायचा आणि त्याच्याजवळचा लोखंडी जोड सारखा तडकायचा. म्हणून टाकीकडून पंपात येणाऱ्या लाइनीवर मी लवचिक पाईप लावायचं ठरवलं. आत रबर, वरून स्टीलच्या तारांची वीण. आम्ही त्याला वेणीच म्हणतो.

"जोड हालाले नाही पायजे," बाबा म्हणाले. "अन् तू तं हालणाराच आणून राहिला."

तरी बसवायला स्वतःच पुढे सरसावले. मी बॉयलर बघायला गेलो तेवढ्यात त्यांनी सवयीनं पंपाच्या आट्यांवर धागा गुंडाळला, सफेदा लावला आणि मोठा पाना घातला. या पाईपात पाणी अडवतो तो नटातला रबरी वायसर. धाग्याची गर्दी झाली की तो नीट बसतच नाही. शिवाय एका पान्यानं पाईप धरायचा आणि दुसऱ्यानं नट फिरवायचा असतो. बाबांनी एकाच पान्यानं आवळलं आणि वेणीला पीळ पडला. टाकीचा कॉक उघडताच नटातून पाणी उडालं. बॉयलर बंद करावा लागला.

इकडे हौदात धान भिजून तयार होतं. वेळेत वाफ मिळाली नाही तर ते आंबतं, तांदळाला वास सुटतो आणि तो कुणी घेत नाही. मालक येऊन उभा राहिला, हमालही जमले. माझं डोकं फिरलं.

"सोडा बाबा!" मी ओरडलो. "तुमचं काम नाही आता हे. हे का लोखंड होय?"

बाबांनी पाना खाली ठेवला. मी दुसरी वेणी घेतली, आटे पुसले, वायसर बसवला, नट हातानं फिरवला आणि दोन पान्यांनी थोडासाच आवळला. थेंबही गळला नाही. धान वाचलं. मालकानं माझी पाठ थोपटली आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

परतताना बाबा गाडीवर मागे बसले होते. हेच कानात सांगता आलं असतं, हे मला घर जवळ आल्यावर सुचलं. लाज वाटली.

चार दिवसांनी आम्ही जेवत होतो. मिलचा फोन इतकी वर्षं बाबांनाच यायचा. त्या दिवशी माझा वाजला. नंबर बघून मी तो पालथा ठेवला.

"उचल ना," बाबा भात कालवत म्हणाले. "तुलेच बलावून राहिले."